वेगळ्या टपातली कलेजी

माझं चयापचय मंद आहे ही बातमी मला पोहण्याच्या तलावाशेजारच्या गरम पाण्याच्या हौदात, चारचौघांच्या साक्षीने आणि अंगावर फक्त चड्डी असताना मिळाली. डॉक्टर दीसा समोरच गळ्यापर्यंत पाण्यात बसली होती. दवाखान्यात ही बाई तोंडातून अवाक्षर काढत नाही. रुग्णाची गुप्तता जपायची असते म्हणे. हौदात उतरली की ती गुप्तता कपड्यांबरोबर खुंटीला टांगून येते.

“ओद्दुर, तुझा रिपोर्ट आला बरं का,” ती म्हणाली. “रक्तात चरबी फार आहे. आणि तुझ्या वजनाच्या माणसाने दिवसभरात जेवढं जाळायला हवं, त्याच्या निम्मंसुद्धा तू जाळत नाहीस.”

“म्हणजे ऑफिसात दाखवतो तोच उत्साह आतही आहे,” गेइरी म्हणाला. हा गेइरी शाळेत विज्ञान शिकवतो आणि माझा सख्खा शेजारी आहे. दोन्ही गोष्टींचा मला त्रास होतो.

मी नगरपालिकेत तक्रार विभाग सांभाळतो. विभागात मी एकटाच, त्यामुळे विभागप्रमुखही मीच. हे लोकांना दरवेळी सांगावं लागतं याचं मला वाईट वाटतं, पण ते असो.

“लीसी घेतोस ना रोज?” दीसाने विचारलं.

आता आइसलँडमध्ये जन्मलेल्या माणसाला हे विचारणं म्हणजे अपमानच. लीसी, म्हणजे कॉड माशाच्या कलेजीचं तेल, आमच्याकडे पोराला दात फुटायच्या आधी मिळतं. “घेतो की,” मी म्हणालो. “कॅप्सूल घेतो.”

मग मुंडीने घसा साफ केला. मुंडी म्हणजे गावातला सर्वांत म्हातारा बोटमालक. आता बोट पुतण्याकडे, आणि मुंडी सकाळपासून हौदात.

“कॅप्सूल!” तो म्हणाला. “अरे मेल्या, ते काय तेल आहे? धुतलेलं, गाळलेलं, वास काढलेलं. त्यात राहिलं काय? ताजी कलेजी आण, पिंपात टाक, झाकण ठेव आणि हात लावू नकोस. तेल आपोआप सुटून वर येतं. आम्ही तेच प्यायचो, आणि उघड्या छातीने जाळी ओढायचो.”

“त्याला शास्त्रीय आधार आहे,” गेइरी पुढे सरसावला. “उंदरांवर प्रयोग झालेत. माशाच्या तेलाने साठवणीची चरबी जळणाऱ्या, तपकिरी चरबीसारखी वागायला लागते. उंदरांची अंगं तापली!”

“उंदराचं माणसाला लागू पडेलच असं नाही,” दीसा म्हणाली. “आणि घरी काढलेल्या तेलात काय किती उतरलंय ते कुणाला ठाऊक? एक चमचा, ओद्दुर. एकच. आपलं काय होतंय त्यावर लक्ष ठेव.”

पण माझी मानहानी झाली होती. मानहानी झालेला माणूस डॉक्टरचं अर्धंच वाक्य ऐकतो.

घरी उन्नुरला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं, तर ती म्हणाली, “तुला हवं ते कर. फक्त मासा घरात आणू नकोस, गॅरेजमध्ये ठेव.” उन्नुर माशापासून लांब राहते. तिचा धाकटा भाऊ क्यार्तान नऊ वर्षांपूर्वी एकटाच बोट घेऊन गेला तो आलाच नाही. बोट उलटी सापडली, तो सापडला नाही. त्याच दिवशी सकाळी आईचं घर विकण्यावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं आणि उन्नुर त्याला म्हणाली होती, “जा, मला तोंड दाखवू नकोस.” त्याने ते अक्षरशः पाळलं. तो रागावून मुद्दाम वादळात गेला की नेहमीसारखा गेला आणि अडकला, या एका प्रश्नावर माझी बायको नऊ वर्षं नीट झोपलेली नाही. मला हे माहीत आहे कारण शेजारी मी असतो.

तर कलेजी. मुंडीने सांगितलं होतं, “धक्क्यावर जा आणि उचल, हल्ली कोण विचारतंय.” मी गेलो तो नेमका दुपारच्या कॉफीच्या वेळी. त्या वेळी आमच्या देशात आग लागली तरी लोक कप खाली ठेवून मगच पळतील. धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. मासे साफ करायच्या टेबलाखाली कलेजीचे निळे टप होते, सगळे आतड्यांनी बरबटलेले. आणि थोडं दूर, पाण्याच्या अगदी कडेला, एक पांढरा टप. त्यातली कलेजी मोठी, गुलाबी, स्वच्छ, जणू कुणी पाहुण्यासाठी निवडून ठेवलेली. मी तक्रार विभागाचा प्रमुख आहे, मला चांगल्या-वाईटाची पारख आहे. मी पांढरा टप उचलला.

पिंप गॅरेजमध्ये ठेवलं. आठवड्याभरात वर पिवळं, नितळ तेल आलं, आणि त्याबरोबर वासही आला. वासाबद्दल मी फार बोलणार नाही. एवढंच सांगतो की पोस्टमन आमच्या घरापासून चार घरं अलीकडे थांबून हात हलवायला लागला. गेइरीने लेखी तक्रार केली. वर तोंडाने म्हणाला, “मैत्री वेगळी, वास वेगळा.” तक्रार नियमाप्रमाणे माझ्याच टेबलावर आली. मी नियमाप्रमाणे मला नोटीस पाठवली. मग तपासणीसाठी मी माझ्या गॅरेजमध्ये गेलो, दार वाजवलं, आणि दार उघडायला कुणी नाही म्हणून परत आलो. दुसऱ्या नोटिशीत मला मी सक्त ताकीद दिली. भाषा जरा जास्तच कडक झाली आणि ती वाचून मला स्वतःचा रागही आला. वर अपील करावं, तर अपील ऐकणारा अधिकारी मीच. मी मुदतवाढ मागितली आणि मोठ्या मनाने दिली.

यापर्यंत सगळं ठीक होतं. मग मांजरं आली.

मांजरं येणारच, असं तुम्ही म्हणाल. माशाचा वास आहे तिथे मांजरं. पण मांजर वासाला आलं तर ओरडेल, दार खरवडेल, आपसात भांडेल की नाही? ही मांजरं काही करत नव्हती. भर दुपारी बारा वाजता, म्हणजे जानेवारीत आमच्याकडे असतो त्या मळकट उजेडात, गॅरेजसमोर बर्फावर गावातली एकूण एक मांजरं रांगेत बसलेली. गॅरेजकडे पाठ करून. सगळ्यांची तोंडं समुद्राकडे. मी “हुश्श” म्हणालो तर एकाही मांजराने मान वळवली नाही.

“थंडी वाजत नाही का रे यांना?” मी गेइरीला विचारलं.

“तुला वाजत नाहीये का?” तो म्हणाला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी बर्फात सदऱ्यावर उभा होतो आणि कपाळावरून घाम ओघळत होता.

तेल लागू पडलं होतं! मी रोज सकाळी चमचाभर घेत होतो, आणि खरं सांगायचं तर चमचा जरा मोठाच होता. अंग आतून तापत होतं. घरातले हीटर मी बंद केले. वाळवलेला मासा लोण्याबरोबर ताटंच्या ताटं हाणत होतो आणि पोट मात्र आत जात होतं, विजारी ढिल्या व्हायला लागल्या. दीसाने पुन्हा रक्त तपासलं. यंत्रात काही बिघाड असेल म्हणून पुन्हा तपासलं. “हे तिशीतल्या खलाशाचं रक्त आहे,” ती म्हणाली, आणि माझा चेहरा निरखून बघत राहिली. मला तिचं कौतुक अपेक्षित होतं, ते मिळालं नाही. गेइरी तेवढा खूश होता. “तपकिरी चरबी!” असं तो रस्त्यात ओरडून सांगायचा, आणि लोक माझ्या विजारीकडे बघायचे.

फक्त सकाळी उशी कडक लागायची. अभ्र्यावर पांढरट थर जमलेला असायचा. मी एकदा बोट लावून चाटलं. मीठ होतं. घाम, मी म्हणालो. घामात मीठ असतं हे शाळेत शिकवतात.

मग एक दिवस कॉफी पिताना मी साखरेचा खडा दातांत धरला आणि वरून कॉफी ओढली. मी कॉफीत साखर घेत नाही. उन्नुर समोर बसली होती. तिच्या हातातला कप तसाच राहिला.

“हे कधीपासून?” तिने विचारलं.

“काय कधीपासून?”

“काही नाही,” ती म्हणाली, आणि साखरेचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

त्या दिवसापासून बायको माझ्याशी फार गोड वागायला लागली. सकाळी मी उठायच्या आत चमचा भरून तयार. “घे,” म्हणायची, “तब्येतीला चांगलं.” लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या तब्येतीची इतकी काळजी तिने कधी केली नव्हती. मी सुखावलो. नवरे मूर्ख असतात. मी खिडकीशी उभा राहून “संध्याकाळी वारा उत्तरेला फिरेल” म्हणायचो आणि वारा फिरायचा, तर ती हात पुसत माझ्यामागे येऊन उभी राहायची आणि हळूच विचारायची, “आणखी काय दिसतंय?” मला तर अंधाराशिवाय काहीच दिसत नसायचं. वारा फिरेल हे मी का म्हणालो, तेही ठाऊक नसायचं.

ऑफिसातही तेच. मी शीळ घालायला लागलो. मला शीळ येत नाही, आजही येत नाही, आत्ता घालून बघितली. फायलींचे गठ्ठे मी असे बांधून ठेवले की कुणालाच सोडवेनात. शेवटी नगराध्यक्षांनी कात्री मागवली आणि मला बोलावून विचारलं, “ओद्दुर, तुला काही त्रास आहे का? इथे तक्रार करायची सोय आहे.” म्हणजे माझ्याचकडे.

आमचं गाव उंच डोंगरांच्या कुशीत आहे. नोव्हेंबरात डोंगरामागे गेलेला सूर्य जानेवारीच्या शेवटी पुन्हा दिसतो. तो दिसला की त्या दिवशी घरोघरी पातळ गोड धिरडी आणि कॉफी, आणि शेजारीपाजारी सगळे एकमेकांकडे. तो दिवस उजाडला. म्हणजे उजाडायचा होता. सकाळी हौदात आम्ही सगळे सूर्याची वाट बघत बसलो होतो. मी उतरताना चड्डीची नाडी घट्ट केली, कारण वजन उतरल्यापासून ती घट्ट करावीच लागायची. मुंडी माझ्या कमरेकडे एकटक बघायला लागला. कुणी असं बघितलं की कुणीही संकोचेल.

“काय बघतोस, मुंडी?”

“ही गाठ कुठे शिकलास?”

“कसली गाठ?”

“नाडीची. अशी उलटा फेरा देऊन.” मुंडीचा आवाज बारीक झाला होता. “ही गाठ या गावात एकच माणूस मारायचा. मीच ओरडायचो त्याला, बाबा रे, सरळ गाठ मार, घाईच्या वेळी सुटायची नाही.”

कोण माणूस ते कुणी विचारलं नाही.

“ओद्दुर,” मुंडी म्हणाला, “कलेजी कुठल्या टपातली उचललीस?”

“पांढऱ्या.”

“कडेच्या?”

“हो. स्वच्छ होती. का?”

मुंडीने दोन्ही हातांनी तोंडावर पाणी मारलं. “अरे, ती खायची नसते रे! जिथे माणूस गेला आणि मिळाला नाही, त्या पाण्यातला मासा आम्ही विकतो, पण कलेजी वेगळी ठेवतो आणि परत त्याच पाण्यात नेऊन सोडतो. पुतण्याने त्या दिवशी क्यार्तानच्या पाण्यात जाळं टाकलं होतं. टप गेलेला बघून त्याला वाटलं, लाटेनेच नेला. बरं झालं म्हणाला.”

“मला कुणी सांगितलं नाही!”

“हे सांगायचं असतं का? गावातल्या माणसाला माहीत असतं.”

मी डोंगरापलीकडचा. तीस वर्षं इथे राहतोय, इथल्या लोकांच्या गटारांच्या तक्रारी सोडवतोय, आणि गावातला माणूस अजून झालो नाही, हे मला असं कळलं. मला फार लागलं. पण लागून घ्यायलाही सवड मिळाली नाही, कारण गेइरी हळूच पाण्याबाहेर पडला. त्याच्या मागून दीसा. आमच्याकडे हौदातलं बोलणं अर्धवट टाकून कुणी उठत नाही. सगळे उठले. मुंडी सर्वांत शेवटी, आणि जाताना माझ्या खांद्याला हात लावून, लगेच चटका बसल्यासारखा काढून घेतला. हौदात मी एकटा राहिलो. एकटाच राहिलो होतो, असं आपलं मी धरून चाललो. माझ्या शेजारी बाकावर आणखी कुणी बसल्यावर पाणी जेवढं वर चढतं, तेवढं ते चढलेलं होतं खरं.

मी अंग न पुसता घरी पळालो. ठरवलं होतं, पिंप आणि बाटली, सगळं समुद्रात. स्वयंपाकघरात उन्नुर धिरडी घालत होती. टेबलावर तेलाची बाटली, तळाशी जेमतेम एक चमचा शिल्लक. रिकामं पिंप तिने सकाळीच धुऊन उपडं घातलं होतं.

“मुंडीचा फोन आला होता,” ती म्हणाली. “ओतून टाका म्हणाला. पण हा शेवटचा चमचा घे आधी.”

“तुला माहीत होतं?”

“साखरेच्या खड्यापासून.”

“आणि तू मला रोज पाजत राहिलीस? उन्नुर, मी तुझा नवरा आहे!”

“तू कुठे जातोयस?” ती म्हणाली. “तू रोज असतोस. तो पुन्हा नाही यायचा.”

आता यावर माणसाने काय बोलावं? मला राग आला, भीती वाटली, आणि सगळ्यांत जास्त वाईट वाटलं. इतके दिवस तिचे ते प्रेमाने बघणारे डोळे माझ्याकडे नव्हतेच. मी म्हणजे नुसता दरवाजा, आणि ती दरवाज्याला तेल घालत होती. पण तिने माझ्यापुढे धरलेल्या चमच्यातलं तेल बशीत सांडायला लागलं होतं. मला ते बघवेना. मी तोंड उघडलं आणि गिळलं.

त्याच वेळी डोंगराच्या खाचेतून सूर्य आला. खिडकीतून एक पट्टा टेबलावर पडला, धिरड्यांवर, तिच्या हातांवर. ती माझ्यासमोर बसली.

“क्यार्तान,” ती म्हणाली, “माझ्यावर रागावून गेलास का रे?”

मी वाट बघितली. आत कुणी बोलेल म्हणून प्रामाणिकपणे वाट बघितली. काही झालं नाही. एक ढेकर आली, ती मी दाबली. जिभेवर तेल, घशात तेल, आणि आत मी. नगरपालिकेचा माणूस, तक्रार विभाग. समोर माझी बायको आणि तिचा नऊ वर्षांचा प्रश्न. असा अर्ज माझ्याकडे कधी आला नव्हता, आणि तो पुढे ढकलायलाही वर कुणी नव्हतं.

“कसला राग?” मी म्हणालो. आवाज जरा जाड काढला. “इंजिन बंद पडलं गं. डिझेलमध्ये पाणी गेलं. दुरुस्त करत होतो, तेवढ्यात वारा आला. घराचं तर माझ्या डोक्यातही नव्हतं. घर काय, तूच घ्यायचं होतंस.”

उन्नुरने दोन्ही हातांत तोंड लपवलं. ती रडली, आणि मी तिला रडू दिलं. नऊ वर्षांचं होतं ते, वेळ लागणारच. मला स्वतःचं कौतुक वाटलं. भीतीसुद्धा गेली. अंगातली उष्णता ओसरत होती, पायांना गार लागायला लागलं होतं, आणि मला वाटलं, संपलं, सुटलो.

मग ती डोळे पुसत म्हणाली, “आणि माझी हाक? ती ऐकू आली का?”

“आली,” मी म्हणालो. “दोनदा मारलीस. पहिल्यांदा माझ्या नावाने. दुसऱ्यांदा तू आईला हाक मारलीस.”

उन्नुरचा चेहरा पांढरा पडला. मग हळूहळू त्यात रंग आला, आणि ती हसली. असं हसू मी तिच्या चेहऱ्यावर नऊ वर्षांत बघितलं नव्हतं. “त्या दिवशी मी धक्क्याच्या टोकावरून हाक मारली, तिथे कुणीच नव्हतं,” ती म्हणाली. “मी कुणाला सांगितलं नाही. ओद्दुरलाही नाही.” तिने माझ्यापुढे धिरड्यांची थाळी सरकवली. तेवढ्यात सूर्य डोंगराआड गेला, बाहेर शेजाऱ्यांची पावलं वाजली, आणि ती उठून दार उघडायला गेली.

पहिलं उत्तर माझं होतं. खोटं बोललो, बायकोसाठी बोललो, त्याची मला लाज वाटत नाही. दुसऱ्या उत्तराबद्दल मला काही विचारू नका. मी तोंड उघडलं होतं ते “कुठली हाक?” असं विचारायला.